सायकल, सोबत आणि समाजवाद

फेब्रुवारी १८९४ मध्ये बर्मिंगहॅम शहरात सहा तरुण एकत्र जमले. शहरातील लेबर चर्चच्या सभांना येणारी ही मंडळी. समाजवादी विचारांची ओढ सर्वांना होती आणि सायकलीचा नादही सर्वांना होता. या दोन गोष्टींची सांगड घालावी, सुटीच्या दिवशी मिळून शहराबाहेर पडावे, एवढाच त्यांचा आरंभीचा संकल्प. रॉबर्ट ब्लॅचफर्ड यांचे ‘क्लॅरियन’ हे समाजवादी साप्ताहिक डिसेंबर १८९१ पासून मँचेस्टरहून निघू लागले होते. त्याचेच नाव या तरुणांनी आपल्या मंडळाला दिले. पुढच्याच वर्षी, १८९५ च्या ईस्टरच्या सुटीत, डर्बीशायर परगण्यातील ॲशबर्न या गावी निरनिराळ्या शहरांतील अशा मंडळांचा मेळावा भरला आणि ‘नॅशनल क्लॅरियन सायकलिंग क्लब’ची स्थापना झाली.

या क्लबच्या सभासदांची एक लकब होती. रस्त्यात समोरून दुसरा क्लॅरियनवाला येताना दिसला, की एकाने ‘बूट्स!’ अशी हाक द्यावयाची आणि दुसऱ्याने ‘स्पर्स!’ असे उत्तर द्यावयाचे. बूट आणि घोड्याला टोचावयाची टाचेची आरी ही सरदार-जमीनदारांची भूषणे. ज्यांच्या घराण्यात कोणी घोड्यावर बसले नव्हते, अशा कारकुनांनी आणि कारागिरांनी ती उचलावी यातील थट्टा उघड आहे. हाकेनंतर पाय टेकले जात आणि बोलणे सुरू होई. पुढचा रस्ता कसा आहे, पत्रके किती खपली, कोणत्या गावात सभेला माणसे थांबली, चहा कोठे चांगला मिळतो, अशा साध्यासुध्या गोष्टींची देवघेव होई आणि दोघे आपापल्या वाटेने जात.

चळवळींचे इतिहास लिहिणारे ठराव नोंदवितात, फुटी नोंदवितात, संप आणि निवडणुका नोंदवितात. रस्त्यावरच्या अशा हाकेला त्यांच्या लेखी फारसे महत्त्व नसते. परंतु चळवळ वर्षानुवर्षे ज्यांच्या खांद्यावर उभी असते, ती माणसे थकून घरी का बसत नाहीत, या प्रश्नाचे उत्तर ठरावांपेक्षा या हाकेत अधिक सापडण्याचा संभव आहे. आज महाराष्ट्रातील परिवर्तनवादी चळवळीच्या बैठकांमध्ये अन्यायांची आणि पराभवांची यादी विस्ताराने वाचली जाते. ती वाचली गेलीच पाहिजे. पण बैठक संपल्यावर कार्यकर्ता घरी काय घेऊन जातो, याचा विचार क्वचितच होतो. सायकलस्वारांच्या सोबतीचा इतिहास या दृष्टीने पाहण्यासारखा आहे.

कामगारांच्या हाती आलेले वाहन

सायकल ही मुळात श्रीमंतांची चैन होती. पुढे भले मोठे चाक आणि मागे इवलेसे, अशा त्या जुन्या सायकलीवर बसणे हे धाडसाचे काम होते आणि ती विकत घेणे हे पैसेवाल्याचे. १८८५ च्या सुमारास दोन्ही चाके सारख्या आकाराची असलेली ‘सेफ्टी’ सायकल इंग्लंडमध्ये आली. १८८८ मध्ये डनलॉप यांनी बेलफास्ट येथे हवेचा टायर तयार केला. पुढील दहा वर्षांत कारखानदारीचा पसारा वाढला, किमती उतरल्या, जुन्या सायकलींचा बाजार तयार झाला आणि कुशल कामगाराला हप्त्याने का होईना, सायकल घेणे शक्य झाले. शनिवारची अर्धी सुटी कामगार संघटनांनी लढून मिळविली होती. त्या सुटीत जावे कोठे, या प्रश्नाला सायकलीने उत्तर दिले. धुराने काळवंडलेल्या गिरणगावातील तरुणाला पंचवीस-तीस मैलांवरची टेकडी, ओढा, कुरण प्रथमच आपल्या टप्प्यात आल्यासारखे वाटले.

क्लॅरियनवाल्यांनी या सुटीला काम जोडले. सायकलीवर पत्रकांचे आणि पुस्तिकांचे गठ्ठे बांधून ते खेड्यांत जात, चौकात सभा घेत. ब्लॅचफर्ड यांची ‘मेरी इंग्लंड’ ही पुस्तिका १८९४ मध्ये एक पेनी किमतीला निघाली आणि तिच्या लाखो प्रती खपल्या. या खपामागे अशा फिरत्या विक्रेत्यांचा हात मोठा होता. पण प्रचार आटोपला की मंडळी लगेच परतत नसत. चहा होई, गाणी होत, थट्टामस्करी चाले. स्त्रियांनाही या क्लबांत प्रवेश होता. पुढे मताधिकाराच्या लढ्यात गाजलेल्या ख्रिस्ताबेल आणि सिल्व्हिया या पँकहर्स्ट भगिनी मँचेस्टर भागात तरुणपणी क्लॅरियनच्या मंडळींसोबत सायकलीने हिंडल्या होत्या. क्लबचे ब्रीद विल्यम मॉरिस यांच्या एका कथेतून घेतले होते. माणसाचे जगणे सोबतीने होते आणि सोबत तुटणे हेच मरण, असा त्याचा आशय. १९३०च्या दशकाच्या मध्यास या क्लबची सभासदसंख्या आठ हजारांवर गेली होती.

लँकेशायरमधील नेल्सन या कापडगिरण्यांच्या गावातील समाजवाद्यांनी १९१२ मध्ये जवळच्या डोंगरपायथ्याशी एक साधे घर बांधले. रविवारी सायकलीने किंवा पायी येणाऱ्या कोणालाही तेथे मोठ्या मगातून चहा मिळावा, बसावयास बाक मिळावा, हा हेतू. ‘क्लॅरियन हाउस’ नावाचे हे घर शंभराहून अधिक वर्षांनंतर आजही रविवारी उघडते आणि चहा देते. ज्या गिरण्यांतील कामगारांनी ते बांधले त्या गिरण्या बंद पडल्या, ज्या साप्ताहिकाचे नाव त्याला आहे ते साप्ताहिकही कधीच बंद पडले. चहाची किटली मात्र चालू राहिली आहे.

जर्मनीतील प्रयोग याहून मोठा आणि अधिक शिस्तबद्ध होता. १८९६ मध्ये ऑफेनबाख येथे कामगार सायकलस्वारांचा ‘सॉलिडारिटेट’ म्हणजे ‘एकजूट’ नावाचा संघ स्थापन झाला. तेथील मध्यमवर्गीय सायकल क्लबांचे अभिवादन वेगळे होते. कामगारांनी स्वतःसाठी ‘फ्रिश आउफ!’ म्हणजे ‘चला, उमेदीने उठा!’ हे अभिवादन निवडले. निवडणुकीच्या दिवसांत पत्रके गावोगाव पोचविणाऱ्या या स्वारांना ‘वर्गलढ्याचे लाल घोडेस्वार’ असे नाव पडले होते. संघाने सभासदांसाठी अपघातविमा आणि कायद्याची मदत यांची सोय केली, ऑफेनबाखला सभासदांच्या मालकीचा सायकल कारखाना काढला आणि त्या कारखान्यालाही त्या अभिवादनाचेच नाव दिले. पहिल्या महायुद्धानंतरच्या दशकात सभासदसंख्या तीन लाखांच्या वर गेली. जगातील सायकलस्वारांची ती सर्वांत मोठी संघटना समजली जात असे. १९३३ मध्ये हिटलरची राजवट येताच संघावर बंदी आली आणि त्याची मालमत्ता जप्त झाली. हुकूमशाहीला केवळ सभा आणि संप यांचेच भय वाटते असे नाही. माणसे रविवारी एकमेकांना भेटून मोकळेपणाने हसतात, याचेही तिला भय वाटते. दुसऱ्या महायुद्धानंतर हा संघ पुन्हा उभा राहिला.

कोणता आनंद सांगता येतो?

येथे थोडा अर्थशास्त्राचा आधार घेणे इष्ट ठरेल. टिबोर सितोव्हस्की या अर्थशास्त्रज्ञाने १९७६ मध्ये ‘द जॉयलेस इकॉनॉमी’ हा ग्रंथ प्रसिद्ध केला. सुखसोय आणि आनंद या दोन भिन्न गोष्टी आहेत, आणि संपन्न समाज सुखसोयींच्या मागे लागून आनंदाला मुकतो, असे त्याचे प्रतिपादन होते. त्याच वर्षी फ्रेड हिर्श यांचा ‘सोशल लिमिट्स टु ग्रोथ’ हा ग्रंथ निघाला. काही वस्तूंचे मोल त्या दुसऱ्यापाशी नसण्यावरच अवलंबून असते, हा त्यातील सिद्धांत. वस्तीपासून दूर असलेला शांत बंगला, वरिष्ठ हुद्दा, मोजक्यांनाच मिळणारा प्रवेश, ही अशा वस्तूंची उदाहरणे. एकाला त्या मिळाल्या की दुसऱ्याची रांग तेवढी मागे सरकते.

या दोन विचारांचा सायकलस्वारांच्या हाकेशी जवळचा संबंध आहे. मनुष्य आनंदाच्या बातम्या दोन प्रकारच्या सांगतो. पहिल्या प्रकारची बातमी सांगताना तो किंचित चाचरतो. पगारवाढ झाली, मुलाला परदेशी नोकरी लागली, मोक्याच्या जागी सदनिका मिळाली, या बातम्या ऐकणारा तोंडाने अभिनंदन करतो, पण त्याच्या मनात स्वतःच्या परिस्थितीशी तुलना सुरू झालेली असते. त्यात कोणाचा स्वभावदोष नाही; टंचाईच्या आणि स्पर्धेच्या व्यवस्थेत एकाची बढती ही दुसऱ्याची हुकलेली संधी असते. दुसऱ्या प्रकारची बातमी सांगताना मात्र माणूस चाचरत नाही. नदीवरच्या पुलाची डागडुजी झाली, खिंडीतला चढ खोदून कमी केला, नाक्यावर पंक्चरवाल्याने दुकान थाटले, पिंपळाखाली पाणपोई सुरू झाली, आज वारा पाठीमागून आहे. सायकलस्वाराच्या आनंदाच्या बातम्या बहुतेक या जातीच्या असतात. ऐकणारा त्याच रस्त्याने जाणारा असतो, म्हणून सांगणाऱ्याचा आनंद हा ऐकणाऱ्याचाही लाभ असतो. सांगितल्याने तो आनंद कमी होत नाही आणि दोघांनी उपभोगल्याने त्याचा तुटवडा पडत नाही. सार्वजनिक वस्तूंची जी लक्षणे अर्थशास्त्राच्या पाठ्यपुस्तकांत दिलेली असतात, ती येथे तंतोतंत लागू पडतात.

समाजवादाची एक व्याख्या या अंगानेही करता येईल. ज्या आनंदाची बातमी शेजाऱ्याला निःसंकोच सांगता येते, असा आनंद ज्या समाजात सर्वांत जास्त, तो समाज समाजवादाच्या सर्वांत जवळ. गावात दवाखाना झाला ही बातमी गावभर सांगता येते. खाजगी रुग्णालयात आपल्याला तातडीने खाट मिळाली, ही बातमी खाट न मिळालेल्या शेजाऱ्याला सांगताना जीभ अडखळते. म्हणून छोट्या आनंदांची देवघेव हा करमणुकीचा विषय समजून बाजूला सारणे योग्य नाही. कोणते आनंद वाटून घेता येतात, हे पाहिले म्हणजे समाजात समाईक असे काय उरले आहे, याची मोजदाद होते.

वाहनाच्या वेगाचाही येथे विचार करावा लागतो. इव्हान इलिच यांनी १९७४ च्या आपल्या ‘एनर्जी अँड इक्विटी’ या पुस्तकात एक हिशेब मांडला होता. अमेरिकन पुरुष मोटार चालविण्यात, तिच्यासाठी थांबण्यात आणि तिच्या हप्त्यांसाठी, पेट्रोलसाठी, विम्यासाठी, करांसाठी पैसा मिळविण्यात वर्षाला सोळाशे तास घालवितो आणि साडेसात हजार मैल जातो. म्हणजे ताशी पाच मैलांहूनही कमी. हिशेबाच्या तपशिलाविषयी मतभेद संभवतात. त्यातील दृष्टी मात्र खोडून काढणे कठीण आहे. त्यात आणखी एक भर घालावयास हवी. मोटारीच्या बंद काचेआड बसलेला मनुष्य दुसऱ्याशी बोलू शकत नाही. त्याच्यापाशी भोंगा तेवढा असतो, आणि भोंग्याने दिली जाणारी बातमी कधीच आनंदाची नसते. सायकलीचा वेग असा आहे, की शेजारून जाणाऱ्याचा चेहरा ओळखता येतो आणि दोन वाक्ये बोलून होतात.

महाराष्ट्रातील आणि तमिळनाडूतील रस्ते

पुणे हे एके काळी सायकलींचे शहर म्हणून देशभर ओळखले जाई. खडकीच्या दारूगोळा कारखान्यापासून पिंपरी-आकुर्डीच्या कारखान्यांपर्यंत पाळी सुटल्यावर सायकलींचे लोंढे रस्त्यावर येत. नगरपालिकेचा सायकलकर असे आणि तो भरल्याचा पितळी बिल्ला सायकलीला लावावा लागे. रात्री दिवा नसेल तर दंड, डबलसीट दिसले तर दंड. अशा काळी समोरून येणाऱ्या अनोळखी स्वाराने ‘उतरा, पुढे मामा उभा आहे’ असे सांगणे हा रस्त्यावरचा अलिखित धर्म होता. दंडाचे पैसे वाचल्याचा तो आनंद आज क्षुल्लक वाटेल, पण तुटपुंज्या पगारातील कामगाराला तो क्षुल्लक नव्हता. ‘काका, मागच्या चाकात हवा कमी आहे’, ‘ताई, पदर सांभाळा, चाकात जाईल’, हे सांगणारा कोण, कोणत्या जातीचा, कोणत्या आळीचा, हे कोणी विचारीत नसे. जातीपातींनी चिरफाळलेल्या समाजात इतक्या सहजपणे परस्परांची काळजी वाहिली जाते, अशी स्थळे फार नाहीत. चाळीतील एका घरी नवी सायकल आली की तिला हार घातला जाई, पेढे वाटले जात आणि आठवड्याभरात चाळीतील निम्मी पोरे तिच्यावर नळीखालून पाय घालून शिकत. मालकीची वस्तू अशी अर्धी-अधिक समाईक होऊन जाई.

या आनंदाचा सर्वांत भव्य आविष्कार मात्र तमिळनाडूत झाला. पुदुक्कोट्टई जिल्ह्यात १९९१ मध्ये साक्षरतेची ‘अरिवोळी इयक्कम’ ही मोहीम सुरू झाली. तत्कालीन जिल्हाधिकारी शीला राणी चुंकत यांच्या पुढाकाराने सायकल शिकणे हा या मोहिमेचा भाग करण्यात आला. वर्ग घेणाऱ्या कार्यकर्त्या, शेतमजूर स्त्रिया, दगडाच्या खाणींत काम करणाऱ्या मजूर स्त्रिया, अंगणवाडी सेविका, सगळ्या सायकलवर बसू लागल्या. जिल्ह्यात लेडीज सायकलींचा तुटवडा पडला, तेव्हा त्यांनी पुरुषांच्या सायकली घेतल्या. ८ मार्च १९९२ रोजी, महिला दिनी, दीड हजारांहून अधिक स्त्रिया हँडलला झेंडे लावून, घंट्या वाजवीत पुदुक्कोट्टईच्या रस्त्यांवरून गेल्या. थोड्याच काळात सायकल शिकलेल्या स्त्रियांची संख्या एक लाखाच्या पुढे गेली. पी. साईनाथ यांनी या मोहिमेचे जे वार्तांकन केले ते १९९६ मध्ये पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाले, आणि ही हकीगत देशभर पोचली.

पुदुक्कोट्टईत शिकविणारा कोण होता, हे येथे ध्यानात घ्यावे. एक स्त्री शिकली की ती दुसरीला शिकवी. आपण पहिल्यांदा तोल सांभाळून दहा हात गेलो, ही बातमी तिने शेजारणीला सांगितली, आणि शेजारीण दुसऱ्या दिवशी मैदानावर आली. पाण्याची खेप, बाजारची फेरी, पोराची शाळा यांसाठी बसची वाट पाहण्यातून आणि नवऱ्याची किंवा भावाची मनधरणी करण्यातून तिची सुटका झाली. सायकलीने उत्पन्न किती वाढले याचा हिशेब मांडता येईल, पण त्या स्त्रियांनी प्रथम सांगितला तो आत्मविश्वास. बिहारमध्ये २००६ पासून नववीच्या मुलींना सायकलीसाठी पैसे देण्याची योजना सुरू झाली. कार्तिक मुरलीधरन आणि निशीथ प्रकाश यांच्या २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार त्या योजनेमुळे माध्यमिक शाळेत नाव घालणाऱ्या वयोगटातील मुलींचे प्रमाण सुमारे ३२ टक्क्यांनी वाढले. एकटीने चालत जावयास घरचे लोक परवानगी देत नसत. चार-पाचजणी सायकलींवर रांगेने निघाल्या, की परवानगीचा प्रश्न सौम्य होतो. येथेही सायकलीइतकेच काम सोबतीने केले.

महाराष्ट्रातील समाजवाद्यांना आणखी एका सायकलयात्रेचे स्मरण असेल. २४ डिसेंबर १९८५ रोजी, साने गुरुजींच्या जयंतीदिनी, बाबा आमटे यांची ‘भारत जोडो’ यात्रा कन्याकुमारीहून काश्मीरच्या दिशेने निघाली. शंभराहून अधिक तरुण-तरुणी सायकलींवर होते आणि पाठीच्या व्याधीमुळे बसणेही अशक्य झालेले बाबा वाहनातून सोबत होते. १९८४ च्या हत्याकांडाच्या जखमा ताज्या असताना देशाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत ही मुले रोज नव्या गावात मुक्काम करीत गेली. देशाच्या एकतेवर भाषणे पुष्कळ झाली होती. या मुलांनी ती एकता गावोगावच्या पंगतींतून आणि पंक्चर काढून देणाऱ्या अनोळखी हातांतून अनुभवली.

आक्षेप आणि त्यांचे उत्तर

यावर गंभीर आक्षेप घेतला जाईल, आणि तो घेतला जाणे योग्यही आहे. सायकलस्वार मजूर ट्रकखाली चिरडला जात असताना, मार्च २०२० च्या टाळेबंदीनंतर हजारो स्थलांतरित कामगारांना शेकडो मैल सायकल हाणीत घर गाठावे लागले असताना, वाऱ्याच्या आणि पाणपोईच्या गोष्टी सांगणे ही वंचना नव्हे काय? गुरुग्रामहून दरभंग्यापर्यंत जखमी वडिलांना कॅरिअरवर बसवून बाराशे किलोमीटर गेलेल्या पंधरा वर्षांच्या मुलीचे देशभर कौतुक झाले. ज्या व्यवस्थेने तिला त्या रस्त्यावर लोटले, ती व्यवस्थाही कौतुक करणाऱ्यांत सामील झाली. आनंदाच्या बातमीचा असा गैरवापर होऊ शकतो, हे नाकारता येत नाही. दुसऱ्याच्या यातनेला शौर्याची शाल पांघरणे आणि सहप्रवाशाला स्वतःचा आनंद सांगणे या भिन्न गोष्टी आहेत. पहिलीत सांगणारा घरात बसलेला असतो, दुसरीत तो त्याच रस्त्यावर असतो. ही कसोटी लावली म्हणजे खरी बातमी आणि फसवी बातमी यांतील भेद कळतो.

दुसरा आक्षेप क्लॅरियनच्याच इतिहासातून निघतो. ब्लॅचफर्ड यांनी १८९९ मध्ये बोअर युद्धाला आणि १९१४ मध्ये महायुद्धाला पाठिंबा दिला. सोबत होती, गाणी होती, चहा होता. परंतु युद्धज्वरापुढे विचाराची बैठक डळमळली आणि अनेक सभासद दुरावले. जर्मनीत तीन लाख स्वारांची एकजूटही हुकूमशाहीला थोपवू शकली नाही. २०२१ मध्ये तर नॅशनल क्लॅरियन क्लबच्या घटनेतील समाजवादाचा उल्लेख काढून टाकण्याचा निर्णय झाला, आणि तो मान्य नसलेल्यांनी समाजवादाचे नाव राखणारी वेगळी संघटना काढली. तात्पर्य, सौहार्द हे विचाराची आणि संघटनेची जागा घेऊ शकत नाही. पण विचार आणि संघटना यांनी सौहार्दाची जागा घेऊन पाहिली, तेव्हाही फळ चांगले आलेले नाही. एकमेकांची सुखदुःखे ठाऊक नसलेल्या कार्यकर्त्यांत मतभेद झाला की त्याचे वैर होण्यास वेळ लागत नाही. या चळवळीतील फुटींचा इतिहास त्याला साक्ष आहे.

तिसरी गोष्ट आजची आहे आणि ती अधिक बोचरी आहे. शहरांतून पहाटे सायकलस्वारांचे नवे जथे निघतात. डोक्याला हेल्मेट, अंगाला घट्ट पोशाख आणि मोटारसायकलीच्या किंवा त्याहूनही अधिक किमतीची सायकल. आरोग्यासाठी लोक सायकलीकडे वळले, आषाढीच्या आधी सायकलीने पंढरपूरला जाऊ लागले, हे स्वागतार्हच आहे. हे स्वार आपसांत आनंदाच्या बातम्या मोठ्या उत्साहाने सांगतात. पण त्याच पहाटे, त्याच रस्त्याने वर्तमानपत्रे टाकणारा मुलगा, दुधाचे कॅन लटकवलेला गवळी आणि रात्रपाळी संपवून परतणारा रखवालदार गंजलेल्या सायकलींवर जात असतात. या दोन जथ्यांत हाक जात नाही आणि उत्तर येत नाही. एकाचा आनंद किलोमीटरांचा आणि नव्या सुट्या भागांचा. दुसऱ्याची सायकल हे बसभाडे परवडत नसल्याचे चिन्ह. २०११ च्या जनगणनेनुसार देशातील सुमारे ४५ टक्के कुटुंबांत सायकल होती, आणि त्यांतील फार मोठा भाग दुसऱ्या जथ्याचा. सायकल चालविणारे सगळे सहप्रवासी होतात, असे मानणे हा भाबडेपणा ठरेल. सहप्रवास घडवावा लागतो.

तो कसा घडेल? समाईक मागणीने. रस्त्याच्या कडेचा सुरक्षित पट्टा, त्यावर न थांबणारी वाहने, कारखान्याच्या आणि स्थानकाच्या दारात सायकलीला निर्धोक जागा, शाळेच्या वाटेवर दिवे, या मागण्या महागड्या सायकलवाल्याच्याही आहेत आणि रखवालदाराच्याही. पुण्यासारख्या शहरांत सायकलमार्गांचे आराखडे झाले, भाड्याच्या सायकलींच्या योजना वाजतगाजत आल्या आणि बारगळल्या. जो पट्टा आखला गेला तेथे मोटारी उभ्या राहिल्या. ३ जून हा जागतिक सायकल दिन म्हणून संयुक्त राष्ट्रसंघाने २०१८ मध्ये जाहीर केला. दोनच वर्षांनी, २०२० मध्ये, नेमक्या त्याच दिवशी साहिबाबादचा ॲटलस सायकलींचा कारखाना बंद पडला आणि शेकडो कामगार रस्त्यावर आले. सायकलीचा गौरव करणारे आणि सायकल बनविणारे यांच्यात हाक जात नसेल, तर असे दिन साजरे होत राहतील आणि कारखान्यांना कुलुपे लागत राहतील.

पक्षाच्या शाखांनी या संदर्भात काही लहान गोष्टी कराव्यात. साप्ताहिक बैठकीची पहिली दहा मिनिटे आठवड्यात दिसलेल्या चांगल्या गोष्टीसाठी राखून ठेवावीत. अट एकच: ती गोष्ट अशी असावी की ऐकणाऱ्यालाही उद्या जाऊन तिचा लाभ घेता येईल. वाचनालयात नवी पुस्तके आली, रेशनच्या दुकानात धान्य पूर्ण मापाने मिळू लागले, वस्तीतील नळाला पाणी आले, कोणी आजारातून उठले आणि भेटीची वाट पाहत आहे. अशा बातम्या आठवडाभर शोधाव्या लागतील, म्हणजेच वस्तीत हिंडावे लागेल. ज्या आठवड्यात एकही बातमी सापडणार नाही, त्या आठवड्यात पुढच्या लढ्याचा विषय आपोआप ठरेल. जवळच्या अंतरावरील बैठकांना कार्यकर्त्यांनी शक्यतो सायकलीनेच जावे, आणि पाळी सुटण्याच्या वेळी कारखान्याच्या फाटकापासून कामगारांच्या बरोबरीने दोन-तीन मैल चालवावे. फाटकावर दिलेले पत्रक खिशात जाते आणि तेथेच राहते. बरोबरीने चालविताना झालेले बोलणे घरापर्यंत पोचते. शाखेच्या कार्यालयात एक हवेचा पंप, पाने आणि पंक्चरचे सोल्युशन ठेवावे आणि ते कोणालाही वापरू द्यावे. यास खर्च नगण्य येतो.

नेल्सनच्या विणकरांनी १९१२ मध्ये बांधलेल्या त्या घराने कोणतीही निवडणूक जिंकून दिली, असा दावा कोणी करणार नाही. पण शंभर वर्षांत अनेक निवडणुका हरल्यावरही दुसऱ्या रविवारी जावयास एक जागा होती, तेथे ओळखीची माणसे होती आणि गरम चहा होता. पराभवानंतरचा तो रविवार ज्या चळवळीपाशी असतो, तिच्यातील माणसे सोमवारी पुन्हा कामाला लागतात.